पंच कमिटीचा कागद आणि सरपंचाची सही

पत्र:

"मी नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील एका लहान गावाची सरपंच आहे. माझी ही पहिलीच खेप. गावात हनुमान मंदिराची पंच कमिटी आहे. पाचही पंच वडीलधारे असून कमिटीचे अध्यक्ष माझे चुलत सासरे आहेत. पोळ्याचे तोरण, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा), गावजेवण, भांडणतंटा हे सारे कमिटीच पाहते. निवडणुकीच्या वेळी बैठक घेऊन आम्हीच हिला अविरोध निवडून आणले, असे ते आजही चारचौघांत सांगतात. यंदा कमिटीने घरटी ५०० रुपये वर्गणी ठरवली. एका कुटुंबाने ती दिली नाही, उलट मागचा हिशेब मागितला. तेव्हा त्यांच्यावर ५,००१ रुपये दंड बसवला आणि दंड भरेपर्यंत त्यांच्या घरी कोणी जायचे नाही, त्यांना गावजेवणाला बोलवायचे नाही, गायकीने (गावच्या गुराख्याने) त्यांची जनावरे चरायला न्यायची नाहीत, असे ठरवले. मामा (माजी मालगुजारी) तलावातील मासेमारीची बोलीही कमिटीच लावते आणि पैसा मंदिराकडे जातो. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या तरुणांनी त्याविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. आता आखराच्या (गावची जनावरे जमण्याच्या) जागेवर सभामंडप बांधायचा आहे. या सर्व निर्णयांचा एकच कागद करून कमिटीने तो माझ्याकडे पाठवला असून त्यावर ग्रामपंचायतीचा सही-शिक्का मागितला आहे. सासरे म्हणतात, गडचिरोलीत गावच सरकार असते, मग आपल्याकडे का नको? नाही म्हटले तर घरात आणि गावात राहणे कठीण होईल. हो म्हटले तर त्या कुटुंबाला आणि तलावावर पोट असलेल्यांना काय तोंड दाखवू?"

उत्तर:

ताई,

आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर सरळ आहे. त्या कागदावर सही करू नका. मात्र नकार देताना "पंच कमिटीचे सगळेच बेकायदेशीर" अशी भूमिकाही घेऊ नका, कारण ती खरी नाही आणि गावात टिकणारही नाही. कमिटीने निरनिराळ्या स्वभावाच्या चार-पाच गोष्टी एका कागदात बांधून पाठवल्या आहेत आणि आपली कोंडी बरीचशी त्या एकत्र बांधण्यातूनच झाली आहे. त्या सुट्या करताना मी एक कसोटी लावते: कमिटीने ठरवलेली गोष्ट न मानण्याची मोकळीक गावकऱ्याला आहे का? तशी मोकळीक असेल तर तो गावाचा रिवाज आहे आणि त्यात ग्रामपंचायतीने नाक खुपसण्याचे कारण नाही. पण न मानणाऱ्याला शिक्षा होत असेल, किंवा सर्वांच्या मालकीची वस्तू काही जणांच्या हाती जात असेल, तर तो अधिकार कायद्याने ज्याच्याकडे दिला आहे त्यानेच, उघडपणे आणि नोंद ठेवून वापरायचा असतो. मग पंच कितीही वयोवृद्ध आणि सज्जन असोत.

हा अधिकार आपलाच आहे असे पंचांना वाटते, त्यामागे नुसती अरेरावी नसते, हे आधी समजून घ्यायला हवे. नागपूरकडे पश्चिम महाराष्ट्रासारखी वतनदार पाटीलकी नव्हती. मध्य प्रांतात मालगुजारी, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या मालगुजाराची पद्धत, होती. १८६० च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. तलाव, आखर, पडीक जमीन, गावठाण या सर्वांवर त्याचा शब्द चालू लागला, आणि गावकऱ्यांच्या पाणी, वाट, चराई, सरपण अशा वहिवाटी बंदोबस्ताच्या वेळी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तऐवजात नोंदल्या गेल्या. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५० मध्ये, मालकी हक्क संपवणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. कागदोपत्री तिची जागा शासनाने घेतली. गावात मात्र मालगुजाराच्या ओसरीवर होणारे निवाडे बंद पडल्यावर लोक कुठे जाणार होते? १९४६ च्या कायद्याने झालेल्या ग्रामपंचायतींकडे ना पुरेसा पैसा होता, ना माणसे. ती पोकळी अनेक गावांत मंदिराच्या पंचांनी भरली. पुढे १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषद सुरू झाली, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद ठरवले, आणि २४ एप्रिल १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीला संविधानाचे बळ मिळाले. राज्ये आणि कायदे बदलत गेले तरी मारुतीच्या पारावर बसणारे पंच तेच राहिले. आपल्या सासऱ्यांना "हे आम्हीच पाहत आलो" असे वाटते ते खोटे नाही. ते पाहत आले आहेतच. फक्त त्यामुळे ते काम त्यांच्या अधिकारातले ठरत नाही.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. ज्या कुटुंबाने हिशेब मागितला, त्याच्यावर टाकलेला बहिष्कार एक दिवसही चालू राहता कामा नये. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम २०१६ मध्ये संमत केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. समाजातील कुटुंबाशी संबंध तोडायला लावणे, सामाजिक किंवा धार्मिक कार्यात त्याला मज्जाव करणे, त्याच्याशी व्यवहार करू नका असे इतरांना सांगणे, हे या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. बहिष्कार ठरवण्यासाठी बैठक भरवणारे आणि त्याला साहाय्य करणारेही त्यातून सुटत नाहीत. पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही पोलीस ठाण्यात, अथवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते. ते कुटुंब अनुसूचित जाती किंवा जमातीचे असेल आणि बहिष्कार टाकणारे त्या वर्गांतील नसतील, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्या कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. त्या कागदावर आपला शिक्का उमटला तर पंचांची चूक ग्रामपंचायतीची होईल आणि साहाय्य करणाऱ्यांत आपले नावही लागेल, हे सासऱ्यांना सांगायला संकोच करू नका. ते आपल्याला मुलीसारखे मानत असतील तर सुनेला अशा कागदात गुंतवण्याआधी एकदा थांबतील.

दंडाचेही तेच आहे. दंड बसवण्याचा अधिकार पंच कमिटीला नाही, पोलीस पाटलाला नाही आणि तंटामुक्त गाव समितीलाही नाही. ग्रामपंचायतसुद्धा कायद्यात लिहिलेल्या बाबींपुरतीच, लिहिलेल्या रीतीने आकारणी करू शकते. शेतात जनावरे शिरली तर ग्रामपंचायतीचा कोंडवाडा आहे आणि त्याच्या फीची पावती मिळते. मंदिरात बसून आकारलेल्या ५,००१ रुपयांची पावती कोणत्या पुस्तकातून फाडणार? वर्गणी ही स्वेच्छेची गोष्ट आहे. नाही देणाऱ्याला दंड म्हटला की ती वर्गणी राहत नाही, वसुली होते. आणि त्या कुटुंबाने हिशेब मागितला यात गैर काय? मंदिर सार्वजनिक असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असायला हवी आणि दरवर्षीचे हिशेब तिथे सादर व्हायला हवेत. त्या कायद्याच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कारणासाठी सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यालाही नियम आहेत. नागपुरात हे कार्यालय आहे. नोंदणी करून घेणे कमिटीच्याच हिताचे आहे, हे आपण त्यांना मोकळेपणाने सुचवावे. उद्या पंचांच्या मुलांमध्ये मंदिराच्या पैशावरून वाद झाला तर त्यांच्या बाजूने बोलणारा नोंदणीखेरीज दुसरा कागद नसेल.

तलावाचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि आपल्या गावाचे खरे दुखणे बहुधा तिथेच आहे, कारण तिथे पैसा आहे. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण सगळे मामा तलाव म्हणतो, मालगुजारी गेल्यावर बहुतांशी शासनाकडे आले आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे गेले. आपल्या तलावाची नोंद सातबाऱ्यावर आणि गाव नमुन्यात कोणाच्या नावे आहे, ते तलाठ्याकडून लेखी घ्या. मासेमारीचा ठेका देण्याचा अधिकार तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेचाच असतो. तो जिल्हा परिषदेचा असेल तर ग्रामपंचायतीलाही परस्पर बोली लावता येणार नाही, मग पंच कमिटीला तर नाहीच नाही. तलाव ग्रामपंचायतीकडे सोपवलेला असेल तर ठेक्याची रक्कम ग्रामनिधीत जमा झाली पाहिजे, कारण तो पैसा ढिवरांचा, कुणब्यांचा, बौद्धांचा, मुसलमानांचा, मंदिरात जाणाऱ्याचा आणि न जाणाऱ्याचा सारखाच आहे. ढिवर तरुणांची नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्था आहे का, हेही विचारा. अशा संस्थांना ठेक्यात अग्रक्रम देण्याचे शासनाचे धोरण जुने आहे आणि नागपूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून त्याची अद्ययावत माहिती मिळेल. त्यांचा अर्ज दाबून ठेवू नका. आवक नोंदवहीत घ्या, पोच द्या आणि मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवा.

इथे रूढीची बाजूही ऐकून घ्यायला हवी, कारण विदर्भात कायद्यानेच तिच्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे आणि आमच्याकडची फार थोडी माणसे ते ठोठावतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये फक्त विदर्भाला लागू असलेले एक प्रकरण आहे. त्यातील कलम १६१ प्रमाणे गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीचा वापर कसा करायचा याचे 'निस्तार पत्रक' गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन तयार करायचे असते. चराई, सरपण, मुरूम, माती यांच्या अटी त्यात येतात. कलम १६५ प्रमाणे पाटपाणी, वाट अशा वहिवाटींची, आणि शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यातील मासेमारीच्या रिवाजाची नोंद 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये करायची असते. त्या नोंदीने ज्याचे नुकसान होते त्याला एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. म्हणजे जुना रिवाज कायद्याला मान्य आहे, पण तो नोंदलेला हवा आणि त्याविरुद्ध बोलण्याची सोय हवी. तहसील कार्यालयातून किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून आपल्या गावाच्या या दोन्ही कागदांच्या नकला मिळवा. माझा आग्रह आहे की ग्रामसभेआधी त्या पंचांनाच वाचून दाखवाव्यात. तलावाची बोली मंदिरासाठी लावण्याची वहिवाट त्यात सापडली नाही, तर "आजोबांच्या काळापासून असेच चालते" हे म्हणणे आपोआप सैल होते. आणि एखादी पांदण किंवा गुरांची वाट त्यात नोंदलेली सापडली, जी आता कोणीतरी नांगरून टाकली आहे, तर पंच आणि ग्रामपंचायत यांना एकत्र करण्यासारखे काम आपसूक हाती येते.

आखरावरील सभामंडपाचे उत्तर लहान आहे. आखर ही जनावरांची, सार्वजनिक वापराची जागा आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात दिले, त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी राज्य शासनाचा निर्णय निघाला, आणि सार्वजनिक जागांवर नवी धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत, हा त्याच न्यायालयाचा आदेश त्याही आधीचा, २९ सप्टेंबर २००९ चा आहे. ग्रामपंचायतीचे ना-हरकत प्रमाणपत्र त्या जागेला मालक देऊ शकत नाही. जागेच्या नोंदीत 'झुडपी जंगल' असा शब्द दिसला तर प्रकरण आणखी पुढे जाते, कारण विदर्भातील झुडपी जंगल ही वनजमीनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले आहे. सभामंडप हवाच असेल तर मंदिराच्या स्वतःच्या जागेत किंवा कोणी दान दिलेल्या खासगी जागेत, परवानगी घेऊन बांधता येईल. याहून अधिक त्यात काही नाही.

पोळ्याच्या तोरणाचे काय? ते पंचांकडेच राहू द्या. पहिली जोडी कोणाची, तोरण कोणी तोडायचे, झडत्या (पोळ्याची गाणी) कोणी म्हणायच्या, मंडईत कोणत्या दंडारीला (लोकनाट्याला) आधी बोलवायचे, यांत ग्रामपंचायतीने पडू नये. या गोष्टी ज्याला मान्य नाहीत तो आपली जोडी घेऊन घरी जाऊ शकतो; त्याला शिक्षा होत नाही. अपवाद एकच. मानाच्या नावाखाली जातीवरून कोणाला रस्त्यावरून किंवा मैदानातून अडवले गेले, तर तो मानाचा विषय राहत नाही. बाकी दिवे, पाणी, रस्त्याची डागडुजी ही ग्रामपंचायतीची कामे आहेत, ती वेळेवर करा. पंचांशी संबंध गोड ठेवण्याचा तो सोपा मार्ग आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गेल्या काही वर्षांत शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, हौस पुन्हा वाढली आहे, म्हणून जाता जाता सांगते: सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला असला, तरी आधी जिल्हा प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. ती पंचांच्या किंवा आपल्या होकाराने भागत नाही.

गडचिरोलीचा दाखला सासऱ्यांनी दिला, त्याला अर्धवट उत्तर देऊ नका. तो मुद्दा गंभीर आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तिथे सरकार कोण होते? पाच पंच नव्हते. गावातील सगळी प्रौढ माणसे, बायकांसह, एकत्र बसून सर्वसहमतीने निर्णय घेत होती. गडचिरोलीतील अनुसूचित क्षेत्राला १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा, लागू आहे. त्याच्या कलम ४ (घ) मध्ये लोकांच्या रूढी-परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची रूढ रीत जपण्यास सक्षम म्हणून ज्याचे नाव घेतले आहे, ती ग्रामसभा आहे. रूढीला सर्वाधिक मान देणाऱ्या कायद्यानेही रूढीची चावी ग्रामसभेच्याच हाती ठेवली. नागपूर जिल्ह्यातील कोणतेही गाव अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा आपल्याकडे लागूच होत नाही, हे तांत्रिक उत्तर बरोबर आहेच. पण सासऱ्यांशी बोलताना ते आधी पुढे करू नका. त्यांना म्हणा, "काकाजी, मेंढा-लेखासारखे करायचे असेल तर सगळे गाव बसवू." हे आव्हान त्यांना नाकारता येणार नाही. आपल्या गावाला लागून वनजमीन असेल तर वनहक्क कायदा नागपूर जिल्ह्यातही लागू आहे आणि त्याचा दावाही ग्रामसभेपासूनच सुरू होतो, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता आपल्या मनावरचे ओझे. पंचांनी बैठक घेऊन आपल्याला अविरोध निवडून आणले, म्हणून आपण त्यांच्या ऋणात आहात असे पत्राच्या ओळीओळीतून जाणवते. अविरोध निवड बेकायदेशीर नाही. लिलाव मात्र बेकायदेशीर आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुकाच रद्द केल्या. आपल्या वेळी मंदिराला देणगी ठरवून अर्ज मागे घ्यायला लावले नसतील, तर आपल्या निवडीवर डाग नाही आणि ती पंचांची भेटही नाही. इतर उमेदवारांनी माघार घेतली, कायद्याने आपण निवडून आलात, आणि आपल्याला जाब विचारायचा तो गावाने. पदाचा दुरुपयोग किंवा कर्तव्यात कसूर झाल्यास अधिनियमाच्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून दूर करू शकतात. तिथे खुलासा देताना "पंचांनी सांगितले होते" हे वाक्य उपयोगी पडत नाही आणि खुर्ची जाते ती आपली, पंचांची नव्हे.

हे सगळे प्रत्यक्षात करायचे कसे, हा खरा प्रश्न, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी घरी बोला. पारावर नको, चार माणसांत नको; सासूबाई किंवा काकू समोर असतील अशा वेळी सासऱ्यांच्या घरी जाऊन बोला, आणि सुरुवात बहिष्कारापासून करा. बहिष्कार आणि दंड पंचांनी स्वतः, आपल्या तोंडाने, जसा जाहीर केला तसाच जाहीरपणे मागे घ्यावा, एवढेच मागा. त्यांनी तो मागे घेतला तर त्यांची शोभा राहते आणि आपल्यालाही पोलीस ठाण्यापर्यंत जावे लागत नाही. दोन-चार दिवसांत तसे झाले नाही तर त्या कुटुंबाला तक्रारीचा मार्ग समजावून सांगा, आणि गटविकास अधिकारी व पोलीस ठाण्याला लेखी कळवा. बहिष्कारासाठी पुन्हा बैठक भरणार अशी खबर लागली तर ती आधीच थांबवण्याचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे. गुन्हा दाखल झाल्यावरही पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते, म्हणून "तक्रार म्हणजे गाव कायमचे फुटले" ही भीती अनाठायी आहे. पण त्या कुटुंबावर गप्प बसण्यासाठी आपण दबाव आणू नका. चांगल्या हेतूने आणला तरी तो दबावच असतो.

त्यानंतर ग्रामसभा. नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद अधिनियमातच आहे, आणि बहुतेक गावांत ती फक्त सह्यांच्या वहीत होते. आपण ती खरोखर घ्या. पंच कमिटीत एकही बाई नसेल असे मी पत्र वाचूनच गृहीत धरते. गावजेवणाचा सारा स्वयंपाक मात्र बायकाच करत असणार. वर्गणीचा बोजा घरखर्चात कुठे बसतो, बहिष्कृत घरातील बाईला दळणाला आणि पाण्याला जाताना काय सोसावे लागते, याची माहिती त्या सभेत मिळेल आणि ती पुरुषांच्या बैठकीत कधीच बोलली जात नाही. दवंडी वाड्या-टोल्यांपर्यंत, ढिवर मोहल्ल्यापर्यंत पोहोचेल हे स्वतः पाहा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. पण तिच्यावर समाधान मानू नका, कारण तलावासारख्या विषयावर गाव जेवढे जास्त बसेल तेवढा निर्णय घट्ट होतो. विषयपत्रिकेवर तलाव, सभामंडपाची जागा आणि तंटामुक्त समिती हे तीन वेगळे विषय ठेवा, एका ठरावात गुंडाळू नका.

तंटामुक्त समितीचे नाव मुद्दाम घेतले. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या मोहिमेतली ही समिती अनेक गावांत फलकापुरती उरली आहे. आपल्या पंचांकडे मात्र तंटे सोडवण्याचा अनुभव आहे, लोक त्यांचे ऐकतात, आणि बांधावरच्या भांडणासाठी न्यायालयात वर्षानुवर्षे खेपा घालण्यापेक्षा गावात मिटलेले बरे, हे कोणीही मान्य करील. ग्रामसभेने त्यांच्यातील दोघा-तिघांना या समितीवर घ्यावे, सोबत स्त्रिया, ढिवर आणि इतर समाजांची माणसे घ्यावीत, आणि तिथे समजुतीने मिटेल ते मिटवावे. मिटवलेले लिहून ठेवावे, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, दंड घेऊ नये, आणि गंभीर गुन्हे किंवा सज्ञान मुलामुलींची लग्ने यांना हात लावू नये. लग्नाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात अशा पंचायतींचा हस्तक्षेप पूर्णपणे बेकायदेशीर ठरवला आहे. पंचांपैकी कोणी यावर रुसेल. रुसू द्या, एक-दोन तंटे त्यांच्या हातून नीट मिटले आणि त्यांची नावे कार्यवृत्तात आली की रुसवा टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

राहिला तो कागद. तो परत पाठवू नका, फाडू नका, घरी कपाटातही ठेवू नका. कार्यालयात आवक क्रमांक टाकून घ्या आणि कमिटीला पोच द्या. पोचेसोबत दोन ओळींचे पत्र जोडा: वर्गणी, पोळा व मंडई या बाबी कमिटीच्या असल्याने त्यांवर ग्रामपंचायतीच्या ठरावाची आवश्यकता नाही, दंड व बहिष्काराचा मजकूर ग्रामपंचायतीस मान्य करता येत नाही, तलाव व आखराचा विषय येत्या ग्रामसभेपुढे ठेवण्यात येत असून कमिटीच्या सर्व सदस्यांनी उपस्थित राहून आपले म्हणणे मांडावे. पत्राखाली आपल्याबरोबर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचीही (पूर्वीचे ग्रामसेवक) सही घ्या. त्यांनी टाळाटाळ केली तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मार्गदर्शन मागा आणि त्या मागणीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.